ज्यांनी लाथ मारली नाही

संपादकांनी माझ्याकडे माणूस पाठवला. म्हणे, यंदाच्या दिवाळी अंकात 'समाधान' या विषयावर कामकरी माणसांचे लेख घ्यायचे आहेत, आणि तुमच्यासारखा समाधानी म्हातारा गावात दुसरा नाही, तेव्हा लिहाच. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की तुमच्या साहेबांची गैरसमजूत झालीय. मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी समाधानी दिसतो. पण तो काही उठेना. शेवटी मी कबूल केलं की आमच्या घरात उपकार मानायची एक रीत होती, तिच्याबद्दल लिहितो. त्या रीतीनं माणसाचं मन बरं होतं की नुसतं गप्प बसतं, हे मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही. वाचणाऱ्याला उमगलं तर त्यानं येऊन मला सांगावं, मोठ्यानं.

आम्ही नालबंद. जनावराच्या पायात लोखंड ठोकायचं, घोड्याला नाल आणि बैलाला पत्री. आता गावात मोटारी भोंगे वाजवत फिरतात, त्यामुळे माझी नात विचारते की घोड्याला दुखत नव्हतं का? नाही दुखत. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते, तिच्यात जीव नसतो. जीव असतो तो थोडा आत. खिळा त्या भिंतीतून तिरका जाऊन बाहेरच्या अंगानं निघाला पाहिजे, मग त्याचं टोक मोडून दुमडायचं. खिळ्याची एक बाजू टोकाशी उतरती घासलेली असते. ती आतल्या अंगाला धरली की खिळा आपोआप बाहेर वळतो. उलटी धरली तर आत, मांसाकडे वळतो. शिवाय कानाचीही एक परीक्षा आहे. भिंतीत जाणारा खिळा खणखणीत वाजतो आणि आत निघालेला खिळा दबका वाजतो. एवढं आलं की नालबंद झाला, बाकी सगळं लाथा चुकवणं.

तेव्हा गादीवर जे महाराज होते, त्यांना घोड्यांचा फार नाद. राजाला नाद म्हटल्यावर सरदारांनाही तो लागणारच. अशाच एका सरदारांच्या पागेत, त्यांचं नाव इथं सांगत नाही, माझे अब्बा कामाला होते. त्यांच्या हाताखाली मी आणि माझा थोरला भाऊ हसन. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला दस्त्या. पागेचं काम सकाळी उरकायचं आणि दुपारनंतर आमच्या दारात टांग्यांची घोडी आणि गाडीचे बैल यायचे.

अब्बांना पुढचे दोन दात नव्हते आणि डाव्या हाताची करंगळी भलतीकडे वळलेली होती. हे दोन्ही घोड्यांच्या कृपेनं. संध्याकाळी दाराशी बसून राखेनं हात घासता घासता ते नावं घ्यायचे, "बिजली. मैना. इमामच्या टांग्याची चंद्री." दिवसभरात ज्या जनावरांनी त्यांना लाथ मारली नाही, त्यांची ही नावं. प्रत्येक नावाला ते थोडं थांबायचे, जणू ते जनावर समोर उभं आहे. आम्हा दोघा भावांना लहानपणी त्याचं फार हसू यायचं. भाईनं एकदा विचारलं, "अब्बा, आन् ज्यांनी मारली त्यांची नावं?" अब्बा म्हणाले, "त्यांची आठवण अंग करून देतंय की. न मारलेल्यांची कोण करून देणार?"

या रीतीत अब्बांना एकदाच कुणी पेचात पकडलं. शाहूवाडीकडचा एक शेतकरी भाताची पोती घेऊन गावात आलेला आणि त्याच्या बैलाची पत्री वाटेत पडलेली. बैलाचं काम घोड्यासारखं उभ्यानं होत नाही. दोरानं त्याला आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे आणि मग ठोकायचं. दोर लावायच्या आधी तो गडी बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मी विचारलं तर म्हणाला, "माफी मागितली. बेंदराच्या सणाला आमी त्येचं खांदं लोण्यानं मळतो, पाया पडतो, आन् आज त्येला पाडाय लागलोय. सांगून पाडल्यालं बरं." काम झालं, अब्बा हात धुवायला बसले आणि त्यांची नावं सुरू झाली. त्यानं सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "आमच्या तांबड्याचं न्हाय घेतलं?"

अब्बा म्हणाले, "पावणं, त्येचं पाय बांधलेलं व्हतं. बांधलेल्याचं कसलं उपकार?"

"मग शिंगं काय बांधली व्हती व्हय? मनात आणलं असतं तर उठल्यावर तुमास्नी घेतलं असतं की शिंगावर!"

अब्बांनी वळून बैलाच्या शिंगांकडे बघितलं. मग त्यांनी तांबड्याचं नाव घेतलं आणि तो गडी खूश होऊन गाडी जुंपून गेला. त्या रात्री जेवताना अब्बा दोनदा म्हणाले की त्याचं म्हणणं खरं का खोटं हे काही कळत नाही. आमच्या घरात हा असा गोंधळ तेव्हापासूनचा.

अब्बा गेल्यावर ही रीतही गेली. ते आपलं म्हाताऱ्याचं खूळ, असं आम्ही धरून चाललो. पागेचं काम आम्हा दोघांवर आलं. भाई तालमीतला गडी, मांड्या खांबासारख्या, म्हणून घोड्याचा पाय तो धरायचा. ठोकता दोघांनाही यायचं, पण माझा हात हलका, म्हणून ते काम माझं. पाय धरणारा कायम जास्त धोक्यात असतो, कारण खूर त्याच्या मांडीवर असतो आणि घोड्याची सगळी ताकद त्याच्या अंगाशी. भाईला त्याचं काहीच वाटायचं नाही. घोडं बिथरलं तरी तो त्याच्याशी गप्पा मारत राहायचा, तालमीत कोण कुणाला चीत करणार हे त्याला सांगायचा.

पागेत पारवा नावाचा राखी रंगाचा घोडा होता. शांत, शहाणा, जरा खादाड. एके सकाळी त्याच्या मागच्या उजव्या पायाला नाल बसवत होतो. मला घाई होती. कशाची, ते आठवत नाही, आणि न आठवण्याइतक्या किरकोळ गोष्टीसाठी मी घाई केली याची आजही लाज वाटते. तिसरा खिळा मी उलटा धरला आणि दोन ठोक्यांत आत घातला. पारव्यानं आख्खं अंग झटकलं आणि भाई मागं फेकला गेला. सुटलेला पाय मागं आला तो थेट भाईच्या गुडघ्यावर. तो आवाज मी लिहून सांगणार नाही.

माणसं धावली. त्या गडबडीत मी पारव्याच्या पायाशी बसलो, खिळा उपटला आणि बंडीच्या खिशात टाकला. जमादार, म्हणजे आमचे पागेचे मुकादम, ओरडत आले, "काय झालं रं?" मी म्हणालो, "एकाएकी बिथरला, जमादारसाहेब." असं खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं आणि मागून त्याला सगळ्यांनी खरं केलं. त्या दिवसापासून पारवा 'मारका' झाला.

हाडवैद्यानं भाईच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की हाड जुळेल, पण गुडघा आता वाकायचा नाही. भाईला ते न सांगताच समजलं. आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तालमीतले दोस्त आले तर त्यानं दार लावून घ्यायला सांगितलं. भाभीनं ताट पुढं केलं की तो ढकलून द्यायचा. माझी भाभी धीराची बाई, पण एका दुपारी ती चुलीपाशी पदर तोंडात धरून रडताना मला दिसली आणि मी मागच्या दारानं बाहेर सटकलो.

नवव्या दिवशी संध्याकाळी भाई भिंतीकडे बघतच म्हणाला, "बिजली."

भाभीला वाटलं ताप चढला. तिनं कपाळाला हात लावला. भाई पुढं म्हणाला, "मैना. चंद्री. तांबड्या, शाहूवाडीचा."  मी वळून दाराकडे बघितलं, जिथं अब्बा बसायचे. अब्बाच बोलतायत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नावं. त्याच्या हाताखालून गेलेली सगळी जनावरं तो आठवून आठवून काढायचा, कुठल्या साली कुणी पाय शहाण्यासारखा मांडीवर ठेवला, कोण डोळे मिटून उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरी मागितली. चौथ्या दिवशी भाभीला म्हणाला, "तू बी घे की नावं. तुला कुणी लाथ मारली न्हाय आज?" ती म्हणाली, "सासूबाई असत्या तर सांगितलं असतं." घरात पंधरवड्यात पहिल्यांदा हसू उमटलं. भाभीनं शेजारी जाऊन सांगितलं की गुण आला.

मीही करून बघितलं, खोटं कशाला बोलू. परड्यात एकटा बसून मी नावं घ्यायला लागलो. चार नावं सरळ यायची आणि पाचवं पारव्याचं यायचं की माझी जेवणावरची वासनाच उडायची. एकाच घरात एकच औषध, एकाला लागू पडत होतं आणि दुसऱ्याला बाधत होतं. हा काय प्रकार आहे, हे कुणाला विचारावं तेही कळेना.

कारण पागेत पारवा लंगडत होता. खिळ्यानं केलेल्या भोकात पू धरला होता. घोडा खुराचं नुसतं टोक टेकून उभा राहायचा, वैरण तशीच पडून. खुराला हात लावला की आतली आग कळायची. भोक उघडून पू काढला तर चार दिवसांत आराम पडला असता. हे मला पागेत सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. पण भोक उघडलं की खिळा कुणाचा हेही उघडं पडणार. जमादारांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "झटक्यात पाय मुरगळला असंल." घरी भाई रोज विचारायचा, "पारवा बरा हाय न्हवं?" आणि मी म्हणायचो, "बरा हाय."

पाचव्या संध्याकाळी भाईनं नावांमध्ये पारव्याचं नाव घेतलं.

भाभीच्या हातातलं भांडं खाली आपटलं. "त्या मेल्याचं नाव कशाला घेता?"

"आगं, मी त्येच्या पायाखाली पडलेलो. त्यानं दुसऱ्यांदा पाय उचललेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. माझ्या छातीवर येणार व्हता. त्यानं तसाच वर धरला आन् बाजूला नेऊन टेकवला. दुसरी मारली न्हाय त्यानं. मारली असती तर तू आज बांगड्या फोडून बसली असतीस."

मी उठून बाहेर गेलो. त्याच सकाळी जमादारांनी मला सांगितलं होतं की सरकारांचा, म्हणजे पागेच्या मालकांचा, हुकूम झालाय. मारका तो मारका, वर लंगडा, शुक्रवारी गोळी घालून मोकळं व्हायचं. तो बुधवार होता.

गुरुवारी दुपारी भाभी पाण्याला गेल्यावर मी भाईच्या अंथरुणापाशी बसलो आणि खिशातला खिळा काढून त्याच्या पुढं ठेवला. एवढी हिंमत कुठून आली, सांगता येत नाही. मी म्हणालो, "भाई, उलटा मारला मी."

त्यानं खिळ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "ठावं हाय."

"ठावं हाय?"

"खूर माझ्या मांडीवर व्हता, दस्त्या. पयल्याच ठोक्याला आवाज दबका आला. मी म्हणणार व्हतो थांब म्हणून. मग म्हटलं, पोरगं चांगलं ठोकतंय, मलाच भास झाला असंल. आन् तवर तू दुसरा हाणलास." तो छताकडे बघत राहिला. "एक शब्द. 'थांब' म्हणायचं व्हतं. आठ दिवस भिंतीवर मला तोच खिळा दिसत व्हता. नावं घ्यायला लागलो की तेवढा वेळ त्यो दिसत न्हाय. म्हणून घेतोय. तुमास्नी वाटलं मी लई मोठ्या मनाचा झालो."

आम्ही घरात आमची दखनी उर्दू बोलायचो, इथं ती मी मराठीत लिहिलीय, पण भाई मनातलं बोलायला लागला किंवा चिडला की मराठीत यायचा. तालमीची सवय. मी रडायला लागलो, तर तो म्हणाला, "रडतोस कशापायी? घोडा तरी धड हाय न्हवं?"

तेव्हा मी उरलेलं सांगितलं. पू, लंगडणं, शुक्रवार.

भाई दोन्ही हातांवर उठून बसला. अंगात होती तेवढ्या ताकदीनं त्यानं माझ्या मुस्काटात मारली. "आरं हरामखोरा! मी हितं रोज त्येचं नाव घेतोय आन् तू त्येला कुजवतोयस? नुस्तं नाव घेऊन खुरातला पू निघतोय व्हय रं? टांगा आण."

मी इमामचा टांगा आणला. मी, इमाम आणि पाण्याहून परतलेली भाभी, अशा तिघांनी भाईला उचलून आत ठेवला, बांधलेला पाय समोरच्या बाकावर. भाभीला वाटलं दोघांनाही वेड लागलं, आणि ती फार चुकीची नव्हती. पागेच्या दारात जमादार उभेच होते. भाई टांग्यातूनच ओरडला, "घोडा मारका न्हाय, जमादारसाहेब. खिळा उलटा गेला. ह्यानं मारला, मी गप बसलो. दोगं बी गुन्हेगार. आदी त्येचा खूर उघडू द्या, मग आमास्नी काय घालायच्या त्या शिव्या घाला."

जमादार माझ्याकडे वळले. शिवी त्यांनी नंतर दिली, आधी म्हणाले, "आरं, मग बघत काय उभा राहिलायस? उघड."

पारव्याचा पाय जमादारांनी स्वतः धरला. मी सुरीनं खूर तासत गेलो.  तिसऱ्या खिळ्याच्या जागी काळा ठिपका लागला. आणखी थोडं तासलं आणि घाण बाहेर आली, काळी, पातळ, नाक धरायला लावणारी. पारव्यानं मान खाली घातली आणि मोठा श्वास सोडला. मग आम्ही गरम पाण्यात पाय बुडवला आणि जवसाचं पोटीस बांधलं. जमादारांनी हात धुतले आणि मला सांगितलं की हा घोडा पायावर उभा राहीपर्यंत तू पागेत त्याची सेवा करायची, फुकट, आणि नाल ठोकायला तुझा हात पुन्हा लावायचा नाही. सरकारांना ते स्वतः जाऊन सांगून आले. शुक्रवार टळला. त्यांनी तिथं काय सांगितलं आणि माझं नाव घेतलं का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर माझं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. भाई मला माफ करत नव्हता, रागावतही नव्हता. मला त्याचे उपकार वाटत होते, आणि उपकार वाटण्याचाच राग येत होता. तोही गप्प बसला होता म्हणून माझं पाप अर्धं झालं की दोघांचं मिळून दुप्पट, हा हिशोब मला लागला नाही. पारव्याचे उपकार तर कुणीकडून कसे मानायचे? त्याच्या पायात खिळा मी मारला, आणि भाईला दुसरी लाथ न मारून माझा भाऊ त्यानंच माझ्याकडे ठेवला. मी रोज त्याचं पोटीस बदलायचो आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलायचा प्रयत्न करायचो. शब्द जुळायचे नाहीत. तो आपला माझ्या मुंडाशात गूळ आहे का ते हुंगायचा.

दोन महिन्यांनी खूर भरून आला आणि नाल बसवायची वेळ आली. गावातला दुसरा नालबंद बोलावला तर तो दारातून परत गेला, म्हणाला मारक्या घोड्याला हात लावणार नाही. एकदा लागलेलं नाव असं पुसलं जात नाही. जमादारांनी भाईला निरोप पाठवला. भाई काठी टेकत टेकत आला, ताठ पाय पुढं ओढत. मी बाजूला उभा होतो. तो म्हणाला, "मला तिवई द्या. ठोकणार मी. दस्त्या, पाय तू धर."

जमादार म्हणाले, "त्यो?"

"त्योच."

मी जन्मात घोड्याचा मागचा पाय धरून ठोकून घेतलं नव्हतं. पाय उचलला आणि मांडीवर घेतला. त्या पायाचं वजन मला पहिल्यांदा कळलं. भाई इतकी वर्षं काय धरून उभा होता, तेही कळलं. माझा गुडघा बरोबर त्या खुराच्या समोर होता. पारव्याची कातडी थरथरली आणि मी खूर आणखी घट्ट धरला. भाईनं तिवईवर बसून ताठ पाय बाजूला पसरला आणि पहिला खिळा घातला. खणखणीत. दुसराही खणखणीत.

तिसऱ्या खिळ्याच्या पहिल्या ठोक्याला मला आवाज वेगळा वाटला. अगदी थोडा. भास असेल. पन्नास गावांची जनावरं भाईच्या मांडीवरून गेलेली, त्याचा कान पक्का, आणि मी, ज्याच्यावर पागेत कुणाचा भरवसा उरला नव्हता, मी त्याला काय सांगणार? हातोडी वर गेली.

"भाई, थांब."

हातोडी तशीच हवेत राहिली. भाईनं माझ्याकडे बघितलं, मग खिळा उपटून काढला, बोटावर फिरवून दोन्ही बाजूंनी न्याहाळला. जमादारही वाकले. भाईनं खिळा पुन्हा त्याच जागी लावला.

"बरोबर व्हता," तो म्हणाला. "पर बोललास ते लई बरं केलंस."

त्यानं तो खिळा ठोकला, मग बाकीचेही ठोकले. सगळे खणखणीत वाजले. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पुसता येत नव्हतं. मी त्या वेळी आभार मानत होतो एवढं नक्की. भाईचे, घोड्याचे, वरच्याचे की चुकीच्या निघालेल्या माझ्याच कानांचे, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. भाईनं कानशीनं खिळ्यांची टोकं घासली, खुरावर थाप मारली आणि तिवई ढकलत पलीकडे सरकवली.

"चल," तो म्हणाला, "डावा उचल."